भैय्याच्या भारोभार गूळ

भैय्या जाड आहे, असं त्याच्या घरात कुणीही तोंडाने म्हणत नव्हतं. पाचोऱ्यातल्या त्या गल्लीतही कुणी म्हणत नव्हतं. फार तर "भरलेला आहे," "अंगाने छान आहे," "खात्यापित्या घरचा दिसतो" इथपर्यंत लोक जात, आणि तेवढं बोललं तरी भैय्याची आई प्रमिला संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकत असे. मुलाच्या अंगाबद्दल बोललं की नजर लागते, हे तिला पाळण्यातल्या बाळाइतकंच नऊ वर्षांच्या भैय्याच्या बाबतीतही लागू वाटत होतं.

पण एके दिवशी ती त्याला शाळेत सोडायला गेली. वर्ग वरच्या मजल्यावर होता. भैय्या जिन्याच्या मध्यावर थांबला, कठड्याला धरून धापा टाकू लागला आणि त्याच्या मागून आलेली पोरं त्याला ओलांडून वर पळाली. तो श्वासाचा आवाज प्रमिलाच्या कानातून दिवसभर जाईना. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला, म्हणजे पाटबंधारे खात्यात कारकून असलेल्या अभिमनला, रजा टाकायला लावून ती मुलाला घेऊन जळगावला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी भैय्याला तपासलं, काट्यावर उभं केलं, काट्याकडे पाहिलं आणि मग प्रमिलाकडे पाहिलं.

"काय काय खातो हा?"

"तेच तर सांगायला आलेय ना," प्रमिला कळवळून म्हणाली. "काही म्हणजे काही खात नाही हो!"

"सकाळी?"

"सकाळी नुसतं दूध-पोळी. तूप लावून. मग शाळेत जाताना केळी, एक-दोन. डब्यात साखर-तूप-पोळीचा लाडू. आल्यावर जेवतो, पण ते काही खरं जेवण नव्हे, मला भरवावं लागतं. चार वाजता शेव-मुरमुरे. मग गल्लीत खेळायला गेला की सुमनबाई देतात काहीतरी, लिलाबाई देतात काहीतरी..."

"थांबा. भरवावं लागतं? नऊ वर्षांच्या मुलाला?"

"टीव्हीसमोर बसवलं की खातो," अभिमनने बायकोची बाजू सावरली.

"आणि नको म्हणाला तर?"

"तर शेवटचा घास आजीचा, त्यानंतरचा आबांचा, असं करत करत ताट संपवते मी," प्रमिला अभिमानाने म्हणाली. "ताटात टाकून उठायची पद्धत नाही आमच्याकडे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाई, याला कधी कुणी विचारलंय का, तुझं पोट भरलं का म्हणून?"

कुणीच कधी विचारलं नव्हतं. पोट भरलं की नाही ते आईला कळतं, त्यात पोराला काय विचारायचं, असंच प्रमिला आजवर समजत आली होती.

डॉक्टरीणबाईंनी घाबरवलं नाही, पण आडपडदाही ठेवला नाही. असंच चाललं तर मोठेपणी साखर, रक्तदाब सगळं मागे लागेल. आत्ता सवयी बदलल्या तर मुलाची उंची वाढत जाईल आणि अंग आपोआप मापात येईल. उपास नाही, औषध नाही. "पथ्य याला एकट्याला नाही, सगळ्या घराला. सगळ्यांनी एकाच वेळी एकत्र बसून एकच जेवायचं. भाकरी, डाळ, भाजी, फळ. शेव-वेफर्स घरात आणायचेच नाहीत. शहाण्यासारखा वागला म्हणून गोड नाही, रुसला म्हणूनही गोड नाही. जेवताना टीव्ही बंद. रोज घाम येईपर्यंत खेळू द्या. काय शिजवायचं ते तुम्ही ठरवा, पण किती खायचं ते त्याला ठरवू द्या. आग्रह बंद."

"आग्रह बंद?" प्रमिलाने दोनदा विचारलं. आमच्या खान्देशात एक वेळ भाजीत मीठ विसरलं तर पाहुणा माफ करतो, पण आग्रह केला नाही तर तो गावभर सांगतो. अशा मुलखातल्या बाईला आग्रह बंद करायला सांगणं म्हणजे काय, हे त्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक नसावं.

तरीही प्रमिलाने मनावर घेतलं. जिन्यावरचा तो आवाज तिच्या कानात होता. शेवेचा डबा रिकामा झाला तो पुन्हा भरला नाही. टीव्हीवर जेवणाच्या वेळी पडदा पडला. पहाटे तिघं जण नदीपर्यंत फिरायला जाऊ लागले. अभिमनलाही तेच जेवण, त्यामुळे त्याचा पट्टा एक भोक आत गेला आणि तोंड जरा उतरलं. भैय्याने थोडं आकांडतांडव केलं, पण घरात खाऊच नसल्यावर करतो काय? घर तसं आठवडाभरात वळणावर आलं.

प्रश्न गल्लीचा होता.

गल्लीत भैय्याला प्रत्येक घरातून काही ना काही मिळायचं. सुमनबाई समोरच राहायच्या, वयाने मोठ्या, सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. कुणाच्या घरचा घास परत करणं म्हणजे त्या घराचा अपमान. शिवाय कारण काय सांगायचं? माझा मुलगा जाड आहे, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर नजरेला आवतणच दिल्यासारखं. प्रमिलाने रात्रंदिवस विचार करून एक शब्द शोधला. त्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही आणि कुणाला राग येत नाही.

"अक्का, भैय्याला काही देऊ नका हं," ती सुमनबाईंना म्हणाली. "त्याला पथ्य आहे."

"पथ्य?" सुमनबाईंच्या हातातली भज्यांची बशी तशीच राहिली. "कशाचं गं?"

"आहे. जळगावच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय."

"पण झालंय काय पोराला?"

"काही नाही, अक्का," प्रमिला खाली बघत म्हणाली. "देवाच्या दयेने होईल सगळं नीट."

आता तुम्हीच सांगा, यावरून माणूस काय समजेल? मोठा डॉक्टर, पथ्य, आजाराचं नाव नाही आणि आईची मान खाली. सुमनबाईंनी बशी ओट्यावर ठेवली आणि तडक लिलाबाईंकडे गेल्या. मग गल्लीला एकेक गोष्ट आपोआप दिसायला लागली. हे तिघं अंधारातच कुठे जातात? देवाला जात असतील. टीव्ही का बंद असतो? मन लागत असेल का त्यांचं! आणि अभिमनभाऊंचं तोंड पाहिलं का कसं उतरलंय? बापाने अन्न सोडलंय, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिलाबाई आल्या. आजाऱ्याला रिकाम्या हाताने भेटायची रीत नाही, म्हणून त्यांनी ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे आणले होते. त्यांच्या मागोमाग सुमनबाई राजगिऱ्याचे लाडू घेऊन आल्या. "पथ्याला चालतात," त्या म्हणाल्या. अभिमनच्या ऑफिसातला शिपाई पितांबर गावाकडचा केळीचा अख्खा घड खांद्यावरून घेऊन आला आणि भिंतीला टेकवून ठेवून गेला. मोसंबी आली, नारळ आले, कुणाच्या सुनेने साजूक तुपातला शिरा आणला.

"अहो, एवढं कशाला?" प्रमिला म्हणायची.

"असू द्या ताई. पोराच्या जिवापुढे काय मोठं आहे?"

परत करायची सोय नव्हती. आजाऱ्याला आणलेलं परत करणं म्हणजे अपशकुन. आणि आलेला माणूस नुसता ठेवून जात नसे. भैय्याजवळ बसून, त्याच्या डोक्यावरून हात फिरवून, स्वतःच्या हाताने दोन घास भरवल्याशिवाय कुणाचं समाधान होत नसे.

भैय्या हुशार होता. पाहुणे आले की अंथरुणावर पडायचं, हे त्याला पहिल्या दिवशी कळलं. खोकलं की लाडू लवकर पुढे येतो, हे दुसऱ्या दिवशी कळलं. खोकल्यानंतर डोळे अर्धवट मिटून "काही नाही मावशी, मी बरा आहे" असं म्हटलं की शेजारची सगळी बशीच मिळते, हे त्याने स्वतःच्या अकलेने शोधून काढलं. शाळेत बातमी गेली तेव्हा गुरुजींनी त्याला कवायतीतून आणि खेळातून सुट्टी दिली. वर्गही खाली हलवला, म्हणजे जिना नको. अभिमनच्या साहेबांनी न मागता रजा मंजूर केली आणि पाठीवर हात ठेवून "धीर सोडू नका" म्हणाले. अभिमनला काय बोलावं ते सुचेना, म्हणून तो गप्प राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्याने ऑफिसभर हळहळ पसरली.

डॉक्टरकडे जाताना भैय्याच्या खाकी चड्डीचं बटण कसंबसं का होईना लागत होतं. आता ते लागेचना. प्रमिलाने ते बटण ओढून पाहिलं, श्वास आत घ्यायला लावून पाहिलं, आणि मग न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर धरून रडली. इतके दिवस आपण अज्ञानाने पोराला चारत होतो, आता ज्ञानाने चारतो आहोत, असं तिला वाटलं.

"सांगून टाक ना सगळ्यांना," अभिमन म्हणाला.

"काय सांगू? इतके दिवस लाडू खाऊन झाल्यावर सांगू, की त्याला काही झालेलंच नाही? लोक दारात उभं करतील का आपल्याला?"

ती असा विचार करत असतानाच बातमी एसटीत बसून पारोळ्याकडे निघून गेली होती. पारोळ्याजवळच्या खेड्यात अभिमनचे आईवडील राहत. बातमी तिथे पोहोचली तेव्हा वाटेत बरीच वाढली होती. रविवारी दुपारी रिक्षा दाराशी थांबली. रुक्माबाई आधी उतरल्या, हातात तुपाचा डबा घेऊन. मागून आबा, हातात काठी आणि पिशवीत वांगी. खोलीत सुमनबाई, लिलाबाई आणि पितांबर आधीच बसलेले होते. भैय्या उशीला टेकून, केळीचा घड हाताशी ठेवून पडला होता.

रुक्माबाईंनी नातवाला छातीशी धरलं. त्यांचे हात त्याच्या पाठीमागे एकमेकांना पुरले नाहीत.

"मना पोऱ्या! कसा सुकाई गया वं माय!"

"आई, तुम्ही आधी बसा, पाणी..." प्रमिला म्हणाली.

"पाणी नको माले! काय व्हयनं त्याले? खरं सांग प्रमिला, मनापाईन दपाडू नको."

"धुयाले लई जाऊत," आबा काठी टेकत पुढे झाले. "तठे मोठा दवाखाना शे. मी वावर इकसू, पण पोऱ्याले काही व्हवू देवाव नही."

आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. अख्खं आयुष्य शेतात राबलेला तो माणूस रडताना प्रमिलाने कधी पाहिला नव्हता. आता धुळ्याला न्यायची आणि वावर विकायची भाषा झाल्यावर तिच्याने राहवेना.

"आबा, त्याला काही झालेलं नाही!" ती ओरडलीच. "आजारी नाही तो! जाड आहे! नुसता जाड आहे! जास्त खाऊन खाऊन जाड झालाय आणि जिना चढला की धापा टाकतो, म्हणून डॉक्टरांनी खाणं आवरायला सांगितलंय. मी सांगितलं नाही, कारण मला नजरेची भीती वाटली. झालं!"

पितांबरच्या हातातलं केळं अर्धं सोललेलं तसंच राहिलं. भैय्या सवयीने खोकला, पण कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

"जाड?" रुक्माबाई सावकाश म्हणाल्या. "म्हंजे जीवले धोका नही?"

"आत्ता नाही आई. पण असंच खाऊ घातलं तर पुढे होईल."

रुक्माबाई मटकन खाली बसल्या. आधी रडल्या, मग हसल्या, मग परत रडल्या. "देवी पावनी वं माय, देवी पावनी!" आबांनी उपरण्याने नाक पुसलं. सुमनबाई उठल्या, प्रमिलाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाल्या, "अगं बाई, आधी बोलली असती तर! कित्येक रात्री झोप नाही मला." सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला होता, लाडवांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

एवढ्यावर गोष्ट संपायची. पण रुक्माबाईंनी डोळे पुसता पुसता एकदम तोंडावर हात ठेवला.

"माय वं! मी येष्टीमा नवस बोलनू ना!"

"कसला नवस?" अभिमनने विचारलं.

"पोऱ्या बरा व्हयना का त्याना भारोभार गूळ वाटसू. आखाजीले, आपली देवीना देऊळमा."

म्हणजे आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या सणाला तराजूच्या एका पारड्यात भैय्या आणि दुसऱ्या पारड्यात त्याच्या वजनाइतका गूळ. सगळ्यांनी एकदम भैय्याकडे पाहिलं. आबा त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले.

"पण आई," अभिमन म्हणाला, "तो आजारीच नव्हता, तर बरा कसा होणार?"

हा पेच मोठा होता. नवस तर बोलून झाला होता, आणि बोललेला नवस डोक्यावर ठेवून रुक्माबाईंना झोप येणं शक्य नव्हतं. त्यामुळे पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंकडे प्रमिलाबरोबर त्याही गेल्या आणि थेट विचारलं, "बाई, हाऊ पोऱ्या बरा व्हयना, असं आम्ही कवय समजानं?"

डॉक्टरीणबाईंनी काट्याकडे पाहून आधी कपाळाला हात लावला. सगळी हकिकत ऐकल्यावर मात्र हसू आवरत म्हणाल्या, "आजी, वजन उतरायलाच हवं असं नाही. ते वाढायचं थांबलं, उंची वाढली आणि हा धापा न टाकता पळायला लागला, की बरा झाला समजा. तोपर्यंत मधलं खाणं बंद."

"बंद म्हंजे बंद," रुक्माबाई म्हणाल्या.

त्या गावाला परत गेल्याच नाहीत. आबांना एकट्यांना पाठवलं आणि स्वतः पाचोऱ्यात ठाण मांडलं. आजवर नातवाला सगळ्यात जास्त कुणी चारलं असेल तर त्यांनीच, पण आता प्रश्न देवीचा होता. चार वाजता त्या दारात पाट टाकून बसत. सुमनबाई सवयीने बशी घेऊन आल्या की म्हणत, "देवीना नवस शे. मोडस का?" सुमनबाई बशीसकट घरी जात. डॉक्टरांचं पथ्य मोडायला गल्लीत कुणी भ्यालं नव्हतं, पण देवीचा नवस मोडायची कुणाची छाती नव्हती. भैय्याने खोकून पाहिलं, तेव्हा आजीने त्याला तुळशीचा काढा दिला. पुन्हा तो खोकला नाही. करायला दुसरं काही न उरल्यामुळे तो विटीदांडू खेळायला लागला.

आग्रह न करणं मात्र रुक्माबाईंना भारी गेलं. पंगतीत नातवाची भाकरी संपली की त्यांचा हात आपोआप टोपलीकडे जाई आणि मग त्या तो हात पदराखाली दाबून धरत. प्रमिलाची गत काही वेगळी नव्हती. एका दुपारी भैय्याने भरीत-भाकरीतली अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि म्हणाला, "पोट भरलं." प्रमिलाने घाबरून त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मुलगा हात धुऊन खेळायला पळाला होता. त्या अर्ध्या भाकरीकडे बघून तिला फार बरं वाटलं.

आखाजीला सगळे गावी गेले. फाट्यावर एसटीतून उतरल्यावर भैय्या जो सुटला तो पांदीच्या वाटेने पळत थेट देवळाच्या पायऱ्या चढून वर गेला आणि तिथून हात हलवायला लागला. प्रमिला मागून धावत पोहोचली आणि त्याच्या तोंडाजवळ कान नेला. श्वास जरा जोरात होता, धावलेल्या पोराचा असतो तसा. तेवढाच. तिने देवीला हात जोडले.

धान्याचा मोठा तराजू देवळापुढे टांगला होता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वजन वाढलं नव्हतं, उंची वाढली होती. चड्डी कमरेला नीट आणि लांबीला आखूड झाली होती. पारडी समान झाली तेव्हा डफ वाजला आणि गूळ गावात वाटला गेला. वाट्याला आलेला खडा भैय्याने तोंडात टाकला आणि पोरांत निघून गेला.

दुपारी घरी मांडे आणि आमरसाची पंगत बसली. भैय्या एक मांडा जेवला. आजी तुपाची वाटी घेऊन त्याच्यापुढे आल्या तेव्हा त्याने ताटावर हात आडवा धरला. "पोट भरी गयं, आजी."

रुक्माबाईंची वाटी हवेतच राहिली. त्या वाढायला उभ्या होत्या आणि वाढायला कुणी उरलं नव्हतं. असा प्रसंग त्यांच्यावर उभ्या जन्मात आला नव्हता. प्रमिलाने त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली.

"आई, तुम्ही बसा. डॉक्टरांनी सगळ्यांनी एकत्र जेवायचं सांगितलंय. सगळ्यांत तुम्ही पण येता."

आधी त्या नको नको म्हणाल्या, मग आबा सरकले आणि त्या नातवाशेजारी टेकल्या. गावच्या घरात पुरुषांच्या पंगतीत, गरम मांडा ताटात घेऊन त्या पहिल्यांदाच जेवत होत्या. एक मांडा त्यांनी सावकाश, चवीने संपवला. ते बघून प्रमिलाला इतकं भरून आलं, की तिने टोपलीतला दुसरा मांडा उचलला.

"घ्या ना आई, अजून एक. एवढासा तर आहे! असं काय करता? माझी शपथ आहे तुम्हाला..."

भैय्याने आईचा हात धरला.

"आई, आधी विचार ना तिला."

सगळी पंगत प्रमिलाकडे बघत होती. तिने मांडा टोपलीत ठेवला, पदर सावरला आणि लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर सासूला पहिल्यांदा विचारलं, "आई, पोट भरलं का तुमचं?"

रुक्माबाई जरा विचारात पडल्या.

"नही ना वं माय," त्या लाजत म्हणाल्या. "आजून भूक शे."

आणि मग प्रमिलाने त्यांना पोटभर वाढलं.